इतिहासाच्या पुस्तकातली शेवटची पाने

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आपण बहुतेकांनी शाळेत एक जोडविषय शिकलेला आहे. ‘इतिहास व नागरिकशास्त्र’. पुस्तक एकच, शिकवणाऱ्या बाई किंवा गुरुजी एकच, परीक्षेचा पेपरही एकच. पण या जोडीतल्या दोघांच्या नशिबात मोठा फरक. इतिहास पुस्तकाच्या पुढच्या पानांवर ऐटीत बसलेला, त्यात किल्ले, लढाया, तह, सनावळ्या. नागरिकशास्त्र शेवटच्या पानांवर, पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे. इतिहास जूनमध्ये सुरू व्हायचा, नागरिकशास्त्र फेब्रुवारीत ‘संपवायचे’ असायचे. राष्ट्रपती होण्यासाठी वय किती लागते, राज्यसभेचे सदस्य किती वर्षांसाठी असतात, अशी उत्तरे पाठ करायची आणि पेपर झाला की विसरायची.

अलीकडे या विषयाचे नाव थोडे बदलले. २०१७ मध्ये नववीचे आणि २०१८ मध्ये दहावीचे नवे पुस्तक आले तेव्हा मुखपृष्ठावर ‘इतिहास व राज्यशास्त्र’ असे आले. दहावीच्या पुस्तकात आज इतिहास कसा लिहितात यावर धडे आहेत, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक चळवळी यांवर धडे आहेत. चांगला बदल आहे. पण घरोघरी चालणारे बोलणे बदललेले नाही. “इतिहासाचे पाठांतर झाले का? मग शेवटचे धडे गाईडमधून बघून घे,” हे वाक्य आजही ऐकू येते.

मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. माझा संबंध शब्दांशी. तरीही या विषयावर बोलायचे ठरवले, कारण मला वाटते, हे दोन विषय एका पुठ्ठ्यात केवळ कागद वाचवण्यासाठी बांधलेले नाहीत. पुढच्या पानांवर प्रश्न आहेत आणि शेवटच्या पानांवर त्यांची उत्तरे आहेत. आपण प्रश्न वेगळे पाठ करतो, उत्तरे वेगळी पाठ करतो आणि दोहोंची गाठ घालून द्यायची विसरतो. त्यामुळे इतिहास म्हणजे नुसता अभिमान किंवा नुसता राग होऊन बसतो आणि नागरिकशास्त्र म्हणजे नुसती नियमांची यादी.

ही गाठ कशी आहे, ते आधी दोन शब्दांतून सांगतो. एक शब्द रयत, दुसरा नागरिक.

रयत हा मूळचा अरबी शब्द, फारसीमार्गे मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. त्याच्या मुळाशी कळप राखण्याची कल्पना आहे. धनगर मेंढरे राखतो, तसा राजा ज्यांना राखतो ती रयत. राखणारा चांगला निघाला तर रयत सुखी, वाईट निघाला तर तिचे हाल. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या आपल्या लष्कराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. लागेल ते बाजारातून विकत घ्या, शेतकऱ्याच्या दाण्यागोट्याला, लाकूडफाट्याला हात लावू नका, अशी ताकीद त्यांनी दिली होती. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी असा विचार करणारा राजा मिळाला, हे आपले भाग्य. पण रयतेच्या बाजूने पाहा. तिचे सुख राजाच्या चांगुलपणावर अवलंबून होते. राजा बदलला, सुभेदार बदलला की सुखाची हमी संपली. रयत विनवणी करू शकत होती, गाव सोडून परागंदा होऊ शकत होती. राजाला बदलणे तिच्या हाती नव्हते.

नागरिक हा वेगळा प्राणी आहे. त्याला राखणारा धनी नाही. तो स्वतःच, इतरांच्या जोडीने, धनी आहे. त्याला जे मिळते ते कोणाच्या मेहेरबानीने मिळत नाही, लिहून ठेवलेल्या नियमाने मिळते. नियम मोडला तर तो दाद मागू शकतो आणि पाच वर्षांनी राज्य करणारे बदलूही शकतो. रयतेचा नागरिक कसा झाला, ही गोष्ट म्हणजेच इतिहास आणि नागरिकशास्त्र यांच्या मधला पूल. गंमत म्हणजे नागरिक झाल्यावरही आपण बोलतो ते जुन्याच शब्दांत. अर्ज, तक्रार, दाखला, हक्क, कायदा, सरकार, तहसील, जिल्हा, हे सगळे अरबी-फारसीतून आलेले शब्द. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून संस्कृत प्रतिशब्द घडवले गेले. तरी तहसील कार्यालयाच्या दारात उभा राहणारा शेतकरी आजही अर्जच करतो आणि दाखलाच मागतो. मात्र अर्ज या शब्दाचा जुना अर्थ विनंती असला, तरी आजच्या अर्जामागे कायदा उभा आहे. शब्द तोच राहिला, तो उच्चारणारा माणूस बदलला.

हा बदल आपोआप झाला नाही. तीन उदाहरणे घेऊ. तिन्ही पुस्तकात आहेत, फक्त निरनिराळ्या पानांवर.

पहिले उदाहरण पाण्याचे. आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे, हे आपण पाठ केलेले असते. पण त्याच कलमाचा दुसरा भाग नीट वाचला तर नवल वाटते. तिथे दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहीर आणि तलाव कशासाठी? एवढ्या मोठ्या ग्रंथात पाणवठ्याचे काय काम?

त्याचे उत्तर इतिहासाच्या धड्यात आहे. १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात कोणी पाण्याला हात लावू देईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यावर दंगा झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, खटला उभा राहिला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. त्यानंतर दहा वर्षांनी हाच माणूस संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. आता कलम १५ मधला ‘तलाव’ हा शब्द पुन्हा वाचा. तो कोरडा राहत नाही. त्यात महाडचे पाणी आहे.

दुसरे उदाहरण शाळेचेच. वर्गात बसलेल्या मुलाला विचारावे, “तू इथे का बसलास?” तो म्हणेल, “आईने पाठवले.” खरे आहे. पण त्यामागे सव्वाशे वर्षांची खटपट आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर, असे त्यांनी दाखवून दिले आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले या गावी शिक्षणसंस्था काढली आणि तिचे नाव ठेवले ‘रयत’. ज्या शब्दात कळप होता, तोच शब्द त्यांनी शाळेच्या दारावर लावला.

१९५० मध्ये संविधान अमलात आले तेव्हा कलम ४५ मध्ये दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट लिहिले गेले. पण ते मार्गदर्शक तत्त्व होते. त्यासाठी कोर्टात जाता येत नव्हते. दहा वर्षे गेली, चाळीस गेली. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली, कलम २१ क आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. फुले यांच्या निवेदनापासून मोजले तर १२८ वर्षे. इतिहासाच्या धड्यात फुले असतात, गोखले असतात, शाहू महाराज असतात. नागरिकशास्त्राच्या धड्यात कलम २१ क असते. मुलाला कोणी सांगत नाही की बाळा, या दोन धड्यांच्या मध्ये जो बाक आहे, त्यावर तू बसला आहेस.

तिसरे उदाहरण मताचे. १९०९, १९१९ आणि १९३५ हे तीन कायदे आपण सनावळीसारखे पाठ करतो. त्यांतली मुख्य गोष्ट सोपी आहे. मत कोणाला, हा प्रश्न. इंग्रजी अमलात मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या आणि त्या अटींमुळे बहुसंख्य माणसे, त्यातही बायका, मतदानापासून दूर राहिल्या. शिवाय १९०९ मध्ये मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले. म्हणजे एकाच गावात राहणारे, एकाच ओढ्याचे पाणी पिणारे दोन शेजारी मत देताना वेगवेगळ्या याद्यांत गेले. याद्यांमधले ते अंतर पुढे मनांमध्ये किती वाढले, हे १९४७ ने दाखवले.

संविधानाने याला दोन कलमांत उत्तर दिले. कलम ३२५ सांगते, प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदारयादी असेल. कलम ३२६ सांगते, प्रत्येक प्रौढाला मत. त्या वेळी देशात साक्षरतेचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. न शिकलेल्या माणसाला मत कसले, असे म्हणणारे पुष्कळ होते. तरी १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नावे यादीत आली. या यादीची एक हकिकत मुलींना आवर्जून सांगावी अशी आहे. नावे लिहून घेणारे कर्मचारी दारात गेले की उत्तरेकडच्या आणि मध्य भारतातल्या अनेक बायका स्वतःचे नाव सांगत नसत. अमक्याची आई लिहा, तमक्याची बायको लिहा, असे म्हणत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, अशी भूमिका घेतली आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. निर्णय कडक होता. पण त्यामागचा विचार साधा होता. रयतेचे काम बापाच्या, नवऱ्याच्या नावाने भागते. नागरिकाला स्वतःचे नाव लागते.

आज आमच्या गावच्या मतदारयादीत माझे नाव आहे. ही यादी घरक्रमाने लागते. माझ्या वरचे नाव शेजारच्या कुंभाराचे, खालचे नाव एका निवृत्त शिक्षिकेचे. मला त्या यादीत मोठी कविता दिसते, आणि ती कलम ३२५ ने लिहिलेली आहे.

श्रोतेहो, आता जरा नाजूक भागाकडे येतो. आपल्याकडे अनेक पिढ्यांनी चौथीत शिवाजी महाराजांचे चरित्र इतिहास म्हणून वाचले. मीही वाचले आणि ते मला अतिशय आवडायचे. अफझलखानाचा धडा सुरू झाला की मात्र वर्गातल्या काही माना हळूच माझ्याकडे वळायच्या. मुलांच्या मनात वाईट नसायचे. धड्यात खान होता आणि वर्गात त्या तऱ्हेच्या नावाचा मी एकटाच होतो, एवढेच. आमच्या गुरुजींच्या ते लक्षात आले असावे. त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एका बाजूला महाराजांची माणसे, दुसऱ्या बाजूला शत्रूची. मग विचारले, “खानाचा वकील म्हणून महाराजांकडे कोण आला?” उत्तर होते, कृष्णाजी भास्कर. “पुरंदरचा तह करायला लावणारा मोगलांचा सेनापती कोण?” मिर्झाराजे जयसिंग. “महाराजांच्या आरमारातला दर्यावर्दी सरदार कोण?” दौलतखान. “सुरुवातीच्या काळात पायदळाचा सरनोबत?” नूरबेग. पुढे पानिपतावर १७६१ मध्ये मराठ्यांचा तोफखाना सांभाळत लढला आणि मारला गेला, तो इब्राहिमखान गारदी. रकाने भरले तेव्हा मुलांच्या लक्षात आले की नावांवरून बाजू ओळखता येत नाही. गुरुजींनी त्यावर व्याख्यान दिले नाही. फळा पुसला आणि पुढचा धडा घेतला. वळलेल्या माना सरळ झाल्या.

यात कोणाचे शौर्य कमी करण्याचा प्रश्न नाही. धर्म त्या काळी नव्हताच, असेही मी म्हणत नाही. धर्म होता, देवळे-मशिदी होत्या, त्यांवरचे घावही होते. पण राजे राज्यासाठी लढत होते, सरदार वतनासाठी, जहागिरीसाठी, कधी निष्ठेसाठी. त्यांच्या लढाईचे येणे-देणे आजच्या चौथीतल्या मुलाच्या नावावर मांडता येत नाही.

आणि ही गोष्ट दोन्हीकडून समजून घ्यावी लागते. आमच्या मोहल्ल्यातली काही पोरे दिल्लीच्या बादशहाला आपला आजोबा समजतात, मोबाईलवर त्याचे चित्र मिरवतात. मी त्यांना सांगतो, अरे बाबांनो, आपले आजोबा बादशहा नव्हते. आपले आजोबा पिंजारी होते, कापूस पिंजत होते. त्यांचे आजोबाही तेच करत होते. बादशहाच्या राज्यात ते मोहतर्फा भरत होते, म्हणजे धंद्यावरचा कर. ते रयत होते, शेजारच्या कुणब्यासारखे, कुंभारासारखे. तख्तावरच्या माणसाशी त्यांचे नाते कर भरण्यापुरते. आपल्या घराण्यात मान मिळालेले पहिले पद कोणते असेल, तर ते नागरिक हे. ते १९५० साली मिळाले.

हे सांगावे लागते, कारण इतिहास नुसता ऐकीव राहिला तर तो पेट घेतो. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगल उसळली, तिच्यामागे सतराव्या शतकातल्या एका बादशहाच्या कबरीचा वाद होता. मेलेल्याला तीनशेहून अधिक वर्षे झाली होती. घरे जिवंत माणसांची होती. अशा वेळी दहावीच्या पुस्तकातला इतिहासलेखनाचा धडा किती मोलाचा आहे, हे कळते. तो धडा सांगतो की इतिहास पुराव्यावर उभा असतो. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? कोणासाठी लिहिले? सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली, हे माहीत असले की ती कशी वाचायची ते कळते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढले. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली. त्यात भीमसेन सक्सेना याची हकिकत आहे. माणूस हिंदू, नोकरी मोगलांची, लिहिले फारसीत. अशी माणसे भेटली की आपल्या डोक्यातले दोन रकाने पुन्हा एकदा विस्कटतात. मोबाईलवर आलेल्या मजकुराला हे तीन प्रश्न विचारायची सवय शाळेत लागली, तर इतिहासाच्या तासाचे सार्थक झाले.

भाषेतली एक गोष्ट सांगतो. मराठीत ‘मी’चे अनेकवचन दोन तऱ्हेने होते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही जातो’ म्हटले की समोरचा मागे राहिला. ‘आपण जाऊ’ म्हटले की तोही बरोबर आला. हिंदीत, उर्दूत, इंग्रजीत हा फरक असा एका शब्दात दाखवता येत नाही. मराठीला तो येतो. इतिहासाच्या तासाला बहुधा ‘आम्ही’ असते. आम्ही जिंकलो, त्यांनी लुटले. नागरिकशास्त्राच्या तासाला ‘आपण’ असायला हवे. आता पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली संविधानाची उद्देशिका उघडा. तिचा मराठी पाठ सुरू होतो ‘आम्ही’ या शब्दाने. मला पूर्वी वाटायचे, इथे ‘आपण’ का नाही? मग तिचा शेवट वाचला की उलगडा होतो. हे संविधान लोक स्वतःलाच अर्पण करत आहेत. बोलणारेही तेच, ऐकणारेही तेच. समोर दुसरा कोणी उभाच नाही. त्यामुळे या ‘आम्ही’तून कोणीच मागे राहत नाही. मराठीतला हा सर्वांत मोठा ‘आम्ही’ आहे, आणि तो प्रत्येक मुलाच्या दप्तरात आहे.

मग हे शिकवायचे कसे? शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून फार काही नवे सुचवत नाही. जे आहे त्यातलेच सांगतो.

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत शालेय मंत्रिमंडळ असते. मुख्यमंत्री असतो, आरोग्यमंत्री असतो, तो नखे तपासतो. छान आहे. पण या मंत्रिमंडळाला विरोधी पक्ष नसतो. दोन-चार मुलांना विरोधी बाकावर बसवा. पाण्याच्या टाकीला तोटी का नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी का नाही, हे त्यांना विचारू द्या. मंत्र्याला उत्तर द्यायला लावा. निवड गुरुजींनी बोट दाखवून करण्याऐवजी चिठ्ठ्यांनी, गुप्त मतदानाने होऊ द्या. मतदान गुप्त का असते, हे अशा एका दुपारी जेवढे कळते तेवढे दहा प्रश्नोत्तरांनी कळत नाही.

दुसरे, ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांना ग्रामसभा भरवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. सभेसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. सकाळी झेंडावंदनाला मुले असतातच. आठवी-नववीच्या मुलांना ग्रामसभेत मागे बसून ऐकू द्या. कोण बोलतो, कोण बोलतच नाही, बायका किती आल्या, जमाखर्च वाचून दाखवला का, एवढे वहीत टिपू द्या. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीला घटनेत जागा मिळाली, महाराष्ट्रात २०११ मध्ये स्त्रियांचे आरक्षण निम्म्या जागांपर्यंत गेले, हे मग पाठ करावे लागत नाही. ते समोर बसलेले दिसते.

तिसरे, माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांचे शुल्क, साधा अर्ज, सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर. अकरावी-बारावीच्या मुलांना असा अर्ज लिहायला शिकवणे हा मला निबंधलेखनाचा उत्तम धडा वाटतो. नेमका प्रश्न, मोजके शब्द, खाली स्वतःचे नाव. कवीलाही याहून चांगली शिस्त कोणती?

आणि चौथे पालकांसाठी. मुलाला फक्त किती गुण पडले, हे विचारू नका. त्याच्या इतिहासाच्या धड्यातला एखादा प्रसंग घ्या आणि विचारा, “असे पुन्हा होऊ नये म्हणून पुढे कोणता नियम झाला?” आणि नागरिकशास्त्रातला एखादा नियम घ्या आणि विचारा, “हा नियम करावा असे लोकांना का वाटले असेल?” या दोन प्रश्नांनी पुस्तकाचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांशी बोलू लागतो. मूल उत्तर शोधत तुमच्याकडेच येईल आणि कदाचित तुम्हालाही पुस्तक उघडावे लागेल.

दहावीचा पेपर देणारे मूल पंधरा-सोळा वर्षांचे असते. १९८९ पासून आपल्याकडे मतदानाचे वय अठरा आहे. म्हणजे या पेपरनंतर दोन-तीन वर्षांत त्याच्या बोटाला शाई लागणार. शास्त्र शाखेला, तंत्रनिकेतनाला किंवा आयटीआयला गेलेल्या मुलाला त्यानंतर इतिहास आणि राज्यशास्त्र पुन्हा कोणी शिकवणार नाही. त्याच्यासाठी हा शेवटचा तास. फेब्रुवारीच्या घाईत, घंटा व्हायच्या आत, ती शेवटची पाने नुसती उलटली जाऊ नयेत, एवढीच विनंती. विनंती कसली, अर्जच म्हणा.

नमस्कार.